तीन हाका चुकल्या तर

माझी आणि नोव्रीची पहिली भेट भांडणाने झाली, आणि चूक त्याचीच होती, हे मी आजही सोडणार नाही.

पंधरा दिवसांनी येणारी बोट धक्क्याला लागली होती आणि मी लसींची पेटी घ्यायला गेले होते. आमच्या बेटावर दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पलंग आणि मी. नाव बतसेबा, सगळे सेबा म्हणतात. बाळंतपणं करते, सुया टोचते, आणि वेळ पडली तर बोकडाच्या पायालाही पट्टी बांधते. खलाशाने पांढरी पेटी पुढे केली, मी ती डोक्यावर घेतली आणि झपाझप चढ चढून आले. उघडून बघते तर आत लसी नाहीत! एक काळा चपटा डबा, त्याला चार शिंगं, आणि वायरींचं भेंडोळं.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा. घामाने निथळतोय, बोट लागून चेहरा उतरलेला, आणि छातीशी माझी पेटी... झाकण सताड उघडं!

"झाकण! आधी झाकण लावा!" मी ओरडले. "चाळीस पोरांच्या लसी आहेत त्यात!"

"अहो, पण माझा राउटर तुम्ही पळवलात..."

"मी पळवला? खलाशाने दिला!"

"आणि मला ही दिली. आत बर्फ दिसला. म्हटलं, इथली माणसं पाहुण्याला धक्क्यावरच मासे देतात की काय."

मला हसू आलं. हसायचं नव्हतं, पण आलं. त्याने झाकण लावलं, पेटी हळूच खाली ठेवली आणि तिच्याच शेजारी जमिनीवर बसला. म्हणाला, "पाणी मिळेल का? नाहीतर तुमचा पहिला पेशंट मीच."

तो दूरच्या मनाडोकडचा, नोकरीला अंबोन शहरात. ऑगस्टपासून गावच्या कचेरीतला रेडिओ बंद पडला होता, सुटा भाग काही मिळत नव्हता, आणि मोबाइल तर आमच्याकडे फक्त टॉर्चसाठी वापरतात. म्हणून सरकारने दवाखान्यासाठी उपग्रहाची लाइन मंजूर केली होती. ती बसवायला नोव्री आला होता, आणि पुढची बोट पंधरा दिवसांनी होती. तेवढे दिवस त्याचा मुक्काम पाद्रीबाबांच्या ओसरीवर, आणि जेवण आमच्याकडे. हे ठरवलं माझ्या बापाने. मी नाही.

पहिल्या दिवशी चार वाजता मी तळलेली केळी पुढे ठेवली, तर हा इकडेतिकडे बघायला लागला.

"काय हवंय?"

"मिरचीची चटणी."

"केळ्यांबरोबर?"

"आमच्याकडे त्याशिवाय केळी खाणं म्हणजे... म्हणजे हात न धुता जेवल्यासारखं."

मी चटणी आणली, मुद्दाम जहाल. बसू दे ठसका, म्हटलं. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबला नाही, आणि म्हणाला, "नोना, उद्या थोडी तिखट करा." आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीला सगळेच नोना म्हणतात. माझ्या कानांना ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

कामाला मात्र तो पक्का होता. खांब उभा केला, थाळी आकाशाकडे वळवली, छपरावर उन्हातून वीज करणारी सूर्याची पाटी बसवली, भिंतीला लोखंडी पेटी ठोकली आणि तिच्यात राउटर, बॅटरी, सगळं नीट लावलं. मग चार दिवस मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या डब्याला शिकवत बसला. हो, तो तसंच म्हणायचा, शिकवतोय.

"याला एकट्याने जगायला शिकवतोय," तो म्हणाला. "बाकी ठिकाणचे डबे अंबोनच्या मोठ्या मशीनला विचारून चालतात. ते मशीन झोपलं की हेही झोपतात. हा कुणाला विचारणार नाही. सगळे नियम याच्याच पोटात. लाइन तुटली तर स्वतःच बंद होईल, स्वतःच चालू होईल, आणि तुमच्या नोंदी तोवर सांभाळून ठेवील. तीन दिवस सूर्य नाही उगवला तरी बॅटरी दम सोडणार नाही."

"एवढी फुशारकी?"

"फुशारकी नाही हो. मोजून लावलीय."

"आणि तिकडे अंबोनला तुम्हाला कसं कळणार, हा जिवंत आहे की नाही?"

"दर पाच मिनिटांनी हा मला हाक मारणार. हजर! हजर! माझ्या पडद्यावर याचा दिवा हिरवा. एक हाक चुकली, चालतं. दोन चुकल्या, चालतं. तीन हाका चुकल्या, की दिवा लाल. मग मी जेवत असलो तरी उठणार."

"बरं आहे डब्याचं," मी म्हणाले. "त्याची कुणी एवढी चौकशी तरी करतं."

तो स्क्रू फिरवत राहिला, पण उलटा. कान लाल झाले होते त्याचे, मी पाहिलं.

लाइन त्याने इतकी घट्ट बांधली होती, की रुग्णांच्या नोंदी आणि मकास्सरच्या डॉक्टरांशी बोलणं, याखेरीज तिच्यातून काही जायचं नाही. गाणी नाहीत, निरोप नाहीत. वरून हुकूम होता. मी एकदा सहज... अगदी सहज विचारलं, "म्हणजे तुम्ही गेल्यावर तुम्हाला काही कळवायचं झालं तर?"

"मला फक्त दिवा दिसेल."

"एवढंच?"

"मीच बंद केलंय सगळं. माझ्याच हाताने." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एकमेकांना तू म्हणायला लागलो. कधी ते नेमकं सांगता येत नाही. ओहोटीला आम्ही खडकांवर जायचो, तो माझ्या चपला हातात घेऊन चालायचा आणि समोरून कुणी आलं की झटकन पाठीमागे लपवायचा, म्हणून तर सगळ्या गावाला कळलं. मी त्याला पापेडा खायला शिकवलं. ती साबुदाण्याची चिकट खळ दोन काट्यांवर गुंडाळून तोंडात सोडायची असते, चावायची नसते. त्याची हनुवटी, शर्ट, सगळं माखलं. मी रुमालाने पुसायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. त्याने माझं मनगट धरलं. आम्ही दोघं तसेच... कितीतरी वेळ. चुलीवरचा मासा करपला त्या दिवशी.

बोटीच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "मला पापुआच्या डोंगरात पाठवताहेत. तीन वर्षं. पण इकडच्या सगळ्या बेटांसाठी एक माणूस कायमचा ठेवायचाय, ती जागाही रिकामी आहे. पगार कमी. मी मागितली तर मिळेल. मी इथेच राहीन, सेबा. तुझ्या दवाखान्याच्या मागच्या त्या पडक्या खोलीतसुद्धा राहीन. तू हो म्हणालीस तर."

माझा हो केव्हाच झाला होता. पण माझा बाप, बापा एलिफास, बेटाच्या पलीकडच्या बाजूला गेला होता आणि बुधवारी येणार होता. आई गेल्यापासून त्याने मला एकट्याने वाढवलं. त्याला न विचारता हो म्हणायला माझी जीभ वळेना.

"बापाला विचारते," मी म्हणाले. "कधीपर्यंत सांगू?"

"शुक्रवारी दुपारी चारला सही करायचीय. पापुआ, नाहीतर बेटं." मग तो एकदम म्हणाला, "शुक्रवारी बरोबर बाराला डब्याचं बटण बंद कर. वीस मिनिटं. तीन हाका चुकतील. लाल दिसला, की मी समजेन, तू हो म्हणालीस."

"आणि हिरवाच राहिला तर?"

"तर मी तुला पुन्हा विचारणार नाही. त्रास देणार नाही तुला." पापण्यांवर मीठ चढलं होतं त्याच्या, समुद्राचं असेल. "पण लाल कर गं."

सकाळी तो बोटीवर चढताना गावची वडीलधारी माणसं धक्क्यावर होती. पोरं खांबावर चढून बसायची, कोळी त्या पेटीच्या वायरीला आपले दिवे चार्जिंगला लावायचे, त्याला तीच काळजी. तो हात जोडून म्हणाला, "एकच विनंती. सहा महिने त्या पेटीला कुणाचा हात लागू देऊ नका."

बिचारा मनाडोचा. त्याला काय ठाऊक, आमच्याकडे असं बोलल्यावर काय होतं.

बुधवारी बापा आला. मी भात वाढता वाढता सगळं सांगून टाकलं, फक्त बटणाचं तेवढं सांगितलं नाही, लाज वाटली. तो बराच वेळ माशाचे काटे काढत बसला. मग म्हणाला, "मिरची फार खातो तो."

"हो."

"पोट बिघडेल म्हातारपणी. तू आहेस म्हणा औषध द्यायला." आणि थाळीकडे बघत, "येऊ दे त्याच्या घरच्यांना. रीतीप्रमाणे मागू देत. मी नाही म्हणणार नाही."

त्या दिवशी मी किती वेळा घड्याळ पाहिलं, काही विचारू नका.

गुरुवारी मला शेजारच्या वस्तीवर ओर्पाला तपासायला जायचं होतं, तिचे दिवस भरत आले होते. चारच्या सुमारास परत आले आणि दवाखान्याच्या कुंपणाशीच पाय थांबले. खांबाला नारळाच्या कोवळ्या पिवळ्या झावळ्या बांधलेल्या. लोखंडी पेटीलाही. वायरीलाही.

सासी.

आमच्याकडे एखादी गोष्ट जपायची असली की तिला सासी लावतात. नारळ असोत, समुद्रातले शंख असोत. चर्चमध्ये प्रार्थना होते, झावळ्या बांधतात, आणि ठरल्या दिवसापर्यंत कुणी बोट लावायचं नाही. पाहुण्याने धक्क्यावर हात जोडून मागितलं होतं, गावाने दुपारच्या प्रार्थनेत मनापासून दिलं. ईस्टरपर्यंत. आणि झावळ्या बांधणारा, सासीचा राखणदार, कोण? माझा बाप. जावयाच्या मालाला त्याने अभिमानाने दुप्पट गाठी मारल्या होत्या.

मी त्याच्यासमोर मटकन बसले आणि बटणाचं सांगितलं. तो पांढरा पडला.

"वीस मिनिटं, बापा. मग परत चालू करते. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल ना, पोरी."

त्याने सख्ख्या चुलतभावाला सासीतले सहा शंख काढले म्हणून भर चर्चमध्ये उभं केलं होतं. तो भाऊ मरेपर्यंत आमच्या उंबऱ्यावर आला नाही. आता त्याने स्वतःच्या मुलीसाठी गाठ सोडायची? मी रडले, ओरडले, आई असती तर तिने सोडली असती असंही म्हणाले. ते म्हणायला नको होतं.

खूप वेळाने तो उठला, अंगणात गेला, छपराकडे बघत उभा राहिला. मग आतून होडीचं जुनं शीड घेऊन आला.

"सूर्याची पाटी छपरावर आहे," तो खाकरून म्हणाला. "छपराला सासी नाही."

पन्नाशी उलटलेला माणूस शिडीवरून चढला आणि आम्ही दोघांनी पाटीवर शीड घट्ट बांधलं. ऊन लागलं नाही तर बॅटरी उतरेल, उतरली की डबा गप्प बसेल. तीन दिवस टिकते म्हणाला होता. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं, की हा माणूस फुशारक्या मारणारा निघू दे.

शुक्रवारी अकराला मी डॉक्टरांची लाइन लावली. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. मी म्हटलं, "डॉक्टर, अंबोनला एक निरोप द्यायचाय, ही लाइन बघतात ना, त्या ऑफिसात..."

"ताई, आम्ही मकास्सरच्या हॉस्पिटलात बसतो. लाइन कोण बघतं, मलाही ठाऊक नाही. पेशंट कोण आहे?"

"मीच."

"काय होतंय?"

काय सांगणार? मी म्हटलं, "काही नाही, बरी आहे," आणि ठेवलं.

बारा वाजले. पेटीच्या भोकातून हिरवा ठिपका लुकलुकत होता. सव्वाबारा. साडेबारा. बाहेर असं लख्ख ऊन पडलं होतं की वाळूकडे बघवत नव्हतं. हजर, हजर, हजर. मी पायरीवर बसून त्या डब्याला आजवर कुणाला दिल्या नाहीत इतक्या शिव्या दिल्या. चार वाजले. नोव्री पक्का कामगार होता. त्याने खरोखर मोजून लावली होती.

"राहू दे शीड," बापा म्हणाला. "उशिरा का होईना, लाल दिसेल. कळेल त्याला."

मीही तेच धरून बसले होते. सही झाली असली तरी माणूस महिनाअखेरीपर्यंत अंबोनमध्येच होता. रविवारपर्यंत डबा नक्की थंड पडेल, त्याला दिसेल, तो काहीतरी करेल.

शनिवारी दुपारी ओर्पाला झोळीत घालून आणलं. मुलगी झाली, छान रडली. पण ओर्पाचं रक्त थांबेना. मी जे येतं ते सगळं केलं. मग डॉक्टरांची लाइन लावली. ते पडद्यावर बघून एकेक सांगत होते, हात कुठे दाबायचा, कुठलं इंजेक्शन, किती वेळाने. आणि मध्येच चित्र अडखळलं. डब्याच्या हिरव्या ठिपक्याशेजारी पिवळा लागला. बॅटरी उतरत आली होती.

ओर्पाचा नवरा दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

मला विचार करायला वेळ लागला असं म्हणणार नाही. पण तो एक क्षण होता, आणि तो मी विसरलेले नाही. मी मागे न बघताच ओरडले, "बापा, शीड काढा!"

शिडी वाजली, छपरावर पावलं वाजली, आणि थोड्या वेळाने पिवळा ठिपका गेला. डॉक्टर रात्रभर आणि पुढचे दोन दिवस अधूनमधून बोलत होते. ओर्पा वाचली. शीड पुन्हा बांधायचं धाडस मात्र आम्हा दोघांना झालं नाही. तिची पोरगी आता धावते, आणि फार आगाऊ आहे.

पुढच्या बोटीने मी पत्र पाठवलं, चार पानं. फेब्रुवारीत ते न उघडता परत आलं, पत्ता सोडून गेले असा शिक्का घेऊन. ईस्टरला सासी सुटली. बापाने स्वतः गाठी सोडल्या, एकेक करून, आणि माझ्याकडे बघायचं टाळत घरी गेला. त्याच्यावर मी रागावले होते का? होते. मग नव्हते. आता तो जेवताना चटणी मागतो, केळ्यांबरोबर, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

वर्षाने, पुन्हा ऑक्टोबरात, अंबोनहून पाक वार्दोयो म्हणून एक वयस्क गृहस्थ आले; पाक म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. जावाचे, मृदू बोलणारे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बरोबर सूर्याची नवीकोरी पाटी.

"ही कशाला?" मी विचारलं. "जुनी चांगली चालतेय."

"वर्षभरापूर्वीची मागणी आहे, आत्ता मंजूर झाली. तुमच्याकडे जो मुलगा आला होता ना, नोव्री, त्याने पापुआला जायच्या आदल्या दिवशी लिहून ठेवलेलं." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "हे बघा. आम्हाला नुसता दिवा दिसत नाही, बॅटरीचीही रेघ उमटते. इथे गुरुवारी संध्याकाळी उतरायला लागली. शुक्रवार उतरतेय, शनिवार उतरतेय... दुपारी एकदम वर. आजूबाजूच्या सगळ्या बेटांवर कडक ऊन होतं. म्हणून त्याने लिहिलं, पाटी सदोष, बदलावी."

मी कागद हातात घेतला. हो म्हणायला मला जे जे जमलं होतं, ते सगळं त्या रेघेत होतं. तासातासाने, दोन दिवस. त्याने ते पाहिलं होतं. लाल शोधून थकल्यावर पाहिलं असेल, आणि त्याला वाटलं, पाटी खराब आहे. माझ्या दवाखान्याचं अडू नये म्हणून जाता जाता नवी मागवून ठेवली.

"कसा आहे तो?" मी विचारलं. आवाज बरा लागला.

"छान आहे. जूनमध्ये लग्न झालं, तिकडचीच शाळामास्तरीण आहे. बाळ होणार आहे म्हणे." पाक वार्दोयोंनी पेन उघडलं. "अजून विचारतो हो या पाटीबद्दल. दोष काय निघाला, कळवा म्हणतो. त्याच्या हातचं एवढं एकच काम कोड्यात राहिलंय. या अहवालाची प्रत त्यालाही जाईल. तुम्ही इथेच होतात ना तेव्हा? काय झालं होतं?"

त्यांनी विचारलं, आणि ते सगळं माझ्या ओठांवर आलं. शीड, शिडी, बारा वाजले ते, सगळं. एक ओळ पुरली असती. त्याने ती वाचली असती आणि त्याला कळलं असतं, मी नाही म्हटलं नव्हतं. मग तो कागद हातात घेऊन तो घरी गेला असता. घरी ती होती.

"ढग," मी म्हणाले.

"ऑक्टोबरात?"

"हो, पाक. फार ढग होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाहेर ऊन नुसतं तापत होतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं: ढगाळ हवामान. पाटीत दोष नाही.

खाली दवाखान्यातर्फे सही लागते. मी केली.